निवासमंडपातील पवित्र वस्तू आणि आपले साधे प्रार्थनामंदिर

पाठ : निर्गम, अध्याय २५ ते ३० व ४०, लेवीय, अध्याय १६, इब्री, अध्याय ९ व १०.

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार कानी येतो, व तो बहुधा नव्याने विश्वासात आलेले बंधुभगिनीच विचारतात. ते म्हणतात, "आम्ही जे देऊळ सोडून आलो तेथे समई तेवत असे, धूप दरवळत असे, घंटा वाजत असे. येथे तर चार भिंती, एक मेज, अंथरलेली सतरंजी आणि एक पुस्तक. देवाच्या घराची शोभा ती हीच काय?" कित्येकांच्या वाडवडिलांस तर त्या देवळाची पायरी चढण्याचीही मोकळीक नव्हती, त्यांनी गाभाऱ्यातील तो दिवा दुरूनच पाहिला. तथापि मनुष्याचे मन दिव्याकडे व सुवासाकडे ओढ घेते, हे खरे आहे.

"वस्तूंत काय आहे? सर्व बाह्य अवडंबर!" असे म्हणून या प्रश्नाची वाट लावणारे उपदेशक आहेत. परंतु हे उत्तर शास्त्राला धरून नाही. सृष्टीच्या उत्पत्तीचे वर्णन पवित्र शास्त्रात दोन अध्यायांत आटोपले आहे. निवासमंडप व त्यातील सामान यांच्याकरिता मात्र निर्गमाच्या पुस्तकातील सुमारे तेरा अध्याय खर्ची पडले आहेत. बसालेल व अहलियाब या कारागिरांस देवाने नावे घेऊन बोलाविले, आणि बसालेलास हे हातकाम साधावे म्हणून आपल्या आत्म्याने भरले. स्त्रियांनी सूत कातून दिले. लोकांनी इतके आणून दिले की अखेरीस मोशाला "आता पुरे" अशी दवंडी पिटवावी लागली. तेव्हा देवाने ज्या वस्तूंविषयी एवढे सांगितले त्या वस्तू कशाकरिता होत्या, आणि आज त्या आपल्या प्रार्थनामंदिरात का नाहीत, हे दोन्ही आपणांस समजले पाहिजे.

आपल्या किनाऱ्यावरील एक साक्ष

या अभ्यासास आरंभ करण्याकरिता फार दूर जावयास नको. १९८१ पर्यंत ज्यास कुलाबा जिल्हा म्हणत त्या आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे राहत आले आहेत. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागच्या उत्तरेस नवगावाजवळ एक गलबत फुटले, व त्यातून वाचलेली सात पुरुष व सात स्त्रिया ही त्यांची पूर्वज मंडळी होत. ते येथील भाषा बोलू लागले, येथील गावांवरून किहीमकर, नवगावकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावे घेऊ लागले, आणि तेलाचे घाणे चालवू लागले. त्यांचे पुस्तक हरवले, इब्री भाषाही बहुतेक विसरली. परंतु शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे. म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत.

पुढे मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली. स्कॉटलंडचे मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत १८३२ साली इब्री भाषेचे व्याकरण मराठीत छापले, व मराठी जुना करार त्यांच्या हाती आला. त्यांपैकी ख्रिस्ती झाले ते फारच थोडे. पण आपल्या पूर्वजांचे शास्त्र ते पुन्हा वाचू लागले. रेवदंड्यास १८४२ साली, अलिबागेस १८४८ साली व पनवेलीस १८४९ साली त्यांची प्रार्थनामंदिरे झाली. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक लोक इस्राएल देशास गेले. आज आपल्या बाजूस थोडीच कुटुंबे उरली आहेत. अलिबागेच्या इस्रायल आळीतील 'मागेन आबोथ', म्हणजे 'पूर्वजांची ढाल', हे मंदिर मात्र उभे आहे. त्याची आजची इमारत १९१० सालची आहे.

अशा मंदिरात यरुशलेमेकडील, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या, भिंतीशी एक पवित्र कपाट असते. त्यास ते 'हेखाल' म्हणतात. त्यात नियमशास्त्राच्या गुंडाळ्या ठेवतात, त्यावर पडदा असतो, व त्यासमोर नित्य दीप टांगलेला असतो. कोश, अंतरपट व दीपवृक्ष यांची ही आठवण आहे. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेथे होमवेदी नाही. मोशाने अंगणात शिरताच जी पहिली वस्तू ठेवविली, तीच यहूदी मंदिरात कोठेही आढळत नाही. आपल्या मंदिरातही ती नाही. असे का, या प्रश्नाचे उत्तर या पाठाच्या शेवटी मिळेल.

मंडपाची मांडणी

मंडपाची मापे शास्त्रात हातांनी दिली आहेत, आणि हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, सुमारे दीड फूट, हे आपल्या लोकांस समजावून सांगावे लागत नाही. अंगण शंभर हात लांब व पन्नास हात रुंद. भोवती पाच हात उंचीची कनात, आणि पूर्वेस वीस हातांचे एकच द्वार. आत शिरल्यावर प्रथम होमवेदी, पुढे पितळेचे गंगाळ, मग मंडप. मंडपाच्या पहिल्या भागात, पवित्रस्थानात, उत्तरेस समर्पित भाकरींचे मेज, दक्षिणेस दीपवृक्ष, व पडद्यासमोर धूपवेदी. पडद्याच्या पलीकडे परमपवित्रस्थान, आणि त्यात कराराचा कोश. जसजसे आत जावे तसतशी धातू बदलते. अंगणात पितळ आहे, आत सोने आहे. आणि जसजसे आत जावे तसतशी माणसेही कमी होतात. अंगणात इस्राएल लोक, मंडपात याजक, पडद्याआड केवळ एक मुख्य याजक, आणि तोही वर्षातून एकच दिवस.

एकेका वस्तूचा बोध

*होमवेदी.* पाच हात लांब, पाच हात रुंद व तीन हात उंच, बाभळीच्या लाकडाची व पितळेने मढविलेली. तिला टाळून आत जाण्यास दुसरी वाट नव्हती. मनुष्य आपल्या अर्पणाच्या मस्तकावर हात ठेवी, आणि ते त्याच्याबद्दल मरे. देवाजवळ जाण्याचा आरंभ आपल्या पुण्याईपासून होत नाही, दुसऱ्याने आपल्याकरिता दिलेल्या प्राणापासून होतो, हा तिचा बोध. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येशूस देवाचा कोकरा म्हटले ते याच अर्थाने.

*गंगाळ.* याजक आत जाण्यापूर्वी येथे हातपाय धूत. याचे माप शास्त्रात दिलेले नाही. परंतु ते कशाचे केले हे दिले आहे. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांनी आपले पितळेचे आरसे दिले, आणि त्यांचे हे गंगाळ झाले. ज्यात मनुष्य आपले रूप पाही त्याचेच पात्र झाले, व त्यात मळ धुण्याचे पाणी भरले गेले. वेदीवर क्षमा मिळालेल्या मनुष्यासही नित्य शुद्ध होण्याची गरज असते. प्रभूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले तेव्हा हेच शिकविले.

*समर्पित भाकरींचे मेज.* याजवर बारा भाकरी सहा-सहांच्या दोन रांगांनी ठेवीत, व दर शब्बाथास ताज्या मांडीत. हा देवाला भरविण्याचा नैवेद्य नव्हता. काढलेल्या भाकरी याजक खात असत, आणि आपणांस भूक लागत नाही असे देवाने स्तोत्र ५० यात स्पष्ट सांगितले आहे. यात आणखी एक मर्म आहे. यहूदा वंशाच्या पहिल्या शिरगणतीत ७४,६०० पुरुष भरले, मनश्शेच्या केवळ ३२,२००. परंतु दोघांच्या नावाची भाकर एकाच मापाच्या पिठाची होती. देवासमोर मोठ्या वंशाची भाकर मोठी व लहानाची लहान असे नाही. "जीवनाची भाकर मी आहे" या अर्थाचे प्रभूचे बोलणे योहान ६ यात आहे. तेथेही ज्याला भूक आहे त्याला बोलावणे आहे, कूळ विचारलेले नाही.

*दीपवृक्ष.* एक किक्कार, म्हणजे आजच्या मानाने तीस-पस्तीस किलो, शुद्ध सोन्याचा, घडीव कामाचा. त्यास सहा फांद्या, बदामाच्या फुलांसारख्या वाट्या, व सात दिवे. मंडपाला खिडकी असल्याचा उल्लेख नाही. आत जो उजेड तो याचाच. आणि त्याचे तेल याजकांनी नव्हे, लोकांनी आणावयाचे होते, तेही जैतुनाचे, कुटून काढलेले व निर्मळ. तेलाचा घाणा ज्याने पाहिला आहे त्यास ठाऊक आहे की दाणा चिरडल्यावाचून तेल निघत नाही. जगाचा प्रकाश जो ख्रिस्त तोही चिरडला गेला. आपल्या मंडळीचा दिवा जळावा म्हणून तेल आणण्याचे काम पाळकाचे एकट्याचे नाही, प्रत्येक घराचे आहे.

*धूपवेदी.* एक हात लांब, एक हात रुंद व दोन हात उंच. हा धूप विशिष्ट द्रव्यांचा, मीठ घालून केलेला असे, व तो आपल्या चैनीसाठी करण्यास मनाई होती. धूप म्हणजे प्रार्थना, हे आम्ही आमच्या मनाने म्हणत नाही. स्तोत्र १४१ व प्रकटीकरण ८ ही दोन्ही तसेच सांगतात. प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक ज्या निखाऱ्यांवर धूप घाली, ते निखारे तो परमेश्वरापुढील वेदीवरून घेत असे. प्रार्थनेची ऊब आपल्या आवाजाच्या चढउतारात नसते. ती त्या वेदीपासून येते.

*कराराचा कोश.* अडीच हात लांब, दीड हात रुंद व दीड हात उंच. बाभळीच्या लाकडाची ही पेटी आतबाहेर सोन्याने मढविलेली होती. तिच्या झाकणास दयासन म्हणत. त्यावर दोन करूब पंख पसरून होते, आणि त्यांच्या मध्ये मूर्ती नव्हती. आत दहा आज्ञांच्या पाट्या, वर दयासन, व त्या दयासनावर वर्षातून एकदा शिंपडलेले रक्त. खाली आपणांस दोषी ठरविणारे नियमशास्त्र आणि वर ते दोष झाकणारी दया, अशी ही रचना आहे. पौलाने रोमकरांस पत्र, अध्याय ३ यात ख्रिस्ताविषयी जो ग्रीक शब्द योजिला आहे, तोच जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात 'दयासन' या अर्थी आला आहे. कोशाचे दांडे कधीही काढावयाचे नव्हते. पोटासाठी घर सोडून मुंबई-पुण्यास जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे अवश्य सांगावे, की आपला देव एका गावच्या वेशीत बांधलेला नाही.

अर्थ लावण्याचे तीन नियम

उपदेशक बंधूंनो, हा विषय गोड आहे, म्हणूनच यात घसरण्याची भीती फार. कोणी खुंट्या मोजून त्यांत गूढ पाहतात, तर कोणी दोऱ्याच्या प्रत्येक रंगावर एक प्रवचन रचतात. म्हणून तीन नियम पाळावेत. जेथे नवा करार स्वतः अर्थ सांगतो, तेथे तो निःशंकपणे शिकवावा. जेथे तो केवळ सूचना करतो, तेथे आपणही "असे दिसते" म्हणावे. जेथे तो गप्प आहे, तेथे आपणही गप्प बसावे. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्यानेही अध्याय ९ यात वस्तूंची नावे घेऊन, यांविषयी आता सविस्तर सांगता येत नाही, असे म्हणून विषय आवरला आहे. त्यास जे आवरता आले ते आपणांसही आवरता यावे.

त्या वस्तूंचे पुढे काय झाले

निवासमंडपाच्या जागी पुढे यरुशलेमेत मंदिर झाले. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी बाबेलच्या सैन्याने ते जाळले; त्यानंतर कोश पुन्हा दिसला नाही. दुसऱ्या मंदिराचे परमपवित्रस्थान रिकामेच होते. ख्रिस्तपूर्व ६३ साली रोमी सेनापती पाँपी आत शिरला, तेव्हा तेथे कोणतीही मूर्ती नाही हे पाहून रोमी लोकांस नवल वाटले. इ. स. ७० साली तेही मंदिर पडले. रोमी शिपाई दीपवृक्ष व मेज खांद्यावरून नेत आहेत, असे कोरीव चित्र रोम शहरातील टायटसच्या कमानीवर आजही दिसते.

मंदिर गेले तेव्हा वेदीही गेली, कारण नेमलेल्या स्थानावाचून इतरत्र यज्ञ करण्याची आज्ञा नव्हती. यहूदी गुरूंनी आपल्या लोकांस शिकविले की आता प्रार्थना, पश्चात्ताप व दानधर्म ही यज्ञाच्या ठिकाणी होत. अलिबागेच्या मंदिरात वेदी नाही त्याचे कारण हे. आपले कारण निराळे आहे. इब्री लोकांस पत्र सांगते की ख्रिस्ताने एकदाच, सर्वकाळासाठी, स्वतःचे अर्पण केले. त्यानंतर दुसऱ्या यज्ञाची गरज उरली नाही. त्यांच्या येथे वेदीची जागा रिकामी आहे, आपल्या मते ती भरली आहे. हा भेद आपण लपवू नये. परंतु तो सांगताना तिरस्काराचा एक शब्दही तोंडातून निघू नये. ज्या पुस्तकातून आपण हा पाठ घेत आहो ते पुस्तक त्या लोकांनी जपले, आणि ज्यास आपण प्रभू म्हणतो तो त्यांच्याच वंशात जन्मला.

फाटलेला अंतरपट

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. परमपवित्रस्थानापुढील पडद्यास आपल्या मराठी शास्त्रात 'अंतरपट' म्हटले आहे. हा शब्द आपल्या लग्नमंडपातला आहे. वधूवरांच्या मध्ये तो धरतात, आणि वेळ आली की दूर करतात. मग तो पुन्हा धरीत नाहीत. देव व मनुष्य यांच्यामध्ये जो अंतरपट होता तो ख्रिस्ताने प्राण सोडला त्या घटकेस वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तय २७ यात लिहिले आहे. तो वरून फाटला, म्हणजे मनुष्याच्या हाताने नव्हे. इब्री १० यात म्हटले आहे की तो पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देह, व त्यातून आपणांस आत जाण्याची नवी व जिवंत वाट मिळाली.

यरुशलेमेच्या मंदिरात आणखी एक अडसर होता. परजातीय मनुष्य आतील अंगणात शिरल्यास त्याचा मृत्यू त्याच्याच माथी, असे दगडावर ग्रीक अक्षरांत खोदून ठेविले होते. तो दगड १८७१ साली सापडला. पौलाने इफिसकरांस पत्र, अध्याय २ यात मधली आडभिंत ख्रिस्ताने पाडली असे लिहिले, तेव्हा अशीच भिंत त्याच्या डोळ्यांपुढे असावी असे दिसते.

आपल्या जिल्ह्यास आडभिंत म्हणजे काय हे नव्याने सांगावे लागत नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी गुरांस मोकळे होते, परंतु अस्पृश्य म्हटलेल्या माणसांस नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे हजारो लोक त्या तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यावर मारहाण झाली, व मागाहून ते तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले. ज्या घरांनी ते दिवस पाहिले त्यांतील कित्येकांची नातवंडे आज निरनिराळ्या धर्मांत आहेत, काही आपल्याही मंडळ्यांत आहेत.

म्हणून आम्ही आपल्या मंडळ्यांस स्पष्ट विचारतो. प्रार्थनामंदिरात बसताना पूर्वीच्या जातीप्रमाणे बाके वाटली जातात काय? प्रभुभोजनाच्या वेळी कोणी कोणाच्या मागून प्याला घ्यावा याचा मनातल्या मनात हिशेब होतो काय? सोयरीक जुळविताना बाप्तिस्म्यापूर्वीचे कूळ विचारले जाते काय? कातकरी वाडीवरचा बंधू आला तर तो आपण होऊन दाराशी बसतो, आणि आपण त्यास तसेच बसू देतो काय? ज्याने ज्याने असे केले, त्याने देवाने फाडलेला पडदा शिवून पुन्हा टांगला. समई नाही म्हणून आपले मंदिर ओके होत नाही. असा पडदा मात्र त्यास ओके करतो.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे. निवासमंडपातील वस्तू खोट्या नव्हत्या. त्या येणाऱ्याची सावली होत्या. मनुष्य उन्हात दूर असतो तोवर त्याची सावली पाहून आपण ओळखतो; तो दारात उभा राहिला म्हणजे सावलीकडे कोणी पाहत बसत नाही. आपल्या मंदिरात वेदी नाही, पण वधस्तंभाची वार्ता आहे. गंगाळ नाही, पण पापाची कबुली आहे. मेजावर भाकर आहे, व ती सर्वांस सारखीच मोडली जाते. धूप नाही, पण प्रार्थना आहे. अंतरपट नाही, आणि तो नसावा. नव्या विश्वासणाऱ्यास हे समजावून सांगा, आणि त्यास दाराशी बसू न देता हात धरून पुढच्या सतरंजीवर आणा. अर्धा पाठ त्यास तेवढ्यानेच समजेल.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. अंगणाच्या दारातून शिरल्यावर कोणती वस्तू प्रथम लागे, व ती प्रथम का?

२. गंगाळ कशाचे केले होते? त्यापासून आपण काय शिकावे?

३. बारा भाकरी एकाच मापाच्या होत्या, याचा आपल्या मंडळीच्या व्यवहाराशी काय संबंध आहे?

४. दीपवृक्षासाठी तेल कोणी आणावयाचे होते? आपल्या मंडळीत ते काम आज कोण करीत आहे?

५. यहूदी प्रार्थनामंदिरात व आपल्या मंदिरात वेदी नाही. दोघांची कारणे सांगा.

६. आपल्या गावच्या मंडळीत कोणता अंतरपट अद्याप टांगलेला आहे? तो काढण्यासाठी या आठवड्यात आपण काय कराल?